डिसेंबरमध्ये लग्न झाले, पत्नी तेव्हा भारतात : २०२५ च्या अमेरिकी कर-रिटर्नमध्ये कोणते फायलिंग स्टेटस निवडावे?

एडिसनकर
नमस्कार. मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. आमचे लग्न डिसेंबर २०२५ मध्ये सांगलीला झाले. पत्नी पुण्यात नोकरीला होती. तिने नोव्हेंबरअखेर राजीनामा दिला आणि ती जानेवारीत एच-४ वर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) प्रथमच येथे आली. तिच्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक) नाही. माझा पगार १,१०,००० डॉलर आहे आणि तिला वर्षभरात सुमारे साडेआठ लाख रुपये मिळाले. शिवाय तिच्या मुदतठेवी आहेत, त्यांतील काही सासऱ्यांबरोबर संयुक्त नावावर आहेत. फॉर्म १०४० वर (संघीय कर-रिटर्नवर) सिंगल (अविवाहित), जॉइंट (पती-पत्नी एकत्र) की सेपरेट (विवाहित, पण वेगवेगळे), यांपैकी कोणत्या चौकटीत खूण करावी? माझ्या दोन अटी आहेत. जाणकाराची फी २०० डॉलरच्या आत असावी, आणि मे महिन्यात मेहुणीचे लग्न असल्याने पत्नीचा पासपोर्ट टपालाने कोठेही पाठवायचा नाही.

डॅलसवासी
आम्ही अनेक वर्षे एकाच सीपीएंकडे (परवानाधारक लेखापालांकडे) जातो. ते ९०० डॉलर घेतात, परंतु आमची दोन भाड्याची घरे आणि कंपनीचे शेअर धरूनही एका प्रश्नाचे पत्र कधी आलेले नाही. जॉइंट भरा आणि निर्धास्त राहा. दोनशे डॉलरांचा हट्ट सोडा.

निवांत_नागपूरकर
डिसेंबरात लग्न झाले म्हणजे अकरा महिने आपण अविवाहितच होतात. मी लग्नाच्या वर्षी सिंगलच भरले होते आणि आजवर कोणी विचारलेले नाही.

जुना_रहिवासी
कोणी विचारलेले नाही, एवढ्याने ते बरोबर ठरत नाही. फायलिंग स्टेटस ३१ डिसेंबर रोजी काय स्थिती होती यावरून ठरते. त्या दिवशी आपण विवाहित असाल तर कायद्याच्या दृष्टीने संपूर्ण वर्ष विवाहित असता, मग लग्न सांगलीत झालेले असो वा एडिसनमध्ये. त्यामुळे धागाकर्त्यापुढे जॉइंट आणि सेपरेट हे दोनच मार्ग आहेत.

जॉइंटचा मार्ग असा आहे. पत्नी २०२५ मध्ये नॉन-रेसिडेंट (करासाठी अमेरिकेची रहिवासी नसलेली) होती, तरी दोघांच्या सह्यांचे निवेदन जोडून तिला पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट मानण्याचा पर्याय निवडता येतो. त्याची किंमत म्हणजे तिचे जगभरातील उत्पन्न, अर्थात पुण्याचा पगार आणि ठेवींचे व्याज, रिटर्नमध्ये दाखवावे लागते, आणि हा पर्याय रद्द करेपर्यंत पुढेही लागू राहतो. एकदा रद्द केला की तो पुन्हा घेता येत नाही.

फिलीचा_मी
मी हेड ऑफ हाउसहोल्ड (अवलंबितांसह घर चालवणाऱ्याचे स्टेटस) भरतो, कारण घरभाडे मीच देतो आणि नागपूरला आईवडिलांनाही पैसे मीच पाठवतो. त्यात सिंगलपेक्षा वजावट जास्त मिळते. धागाकर्त्याने याचाही विचार करावा.

जुना_रहिवासी
कृपया असे करू नये. आईवडिलांना अवलंबित दाखवायचे तर ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी असावे लागतात, अथवा कॅनडा किंवा मेक्सिकोचे रहिवासी असावे लागतात. नागपूर त्यात बसत नाही. पत्नीच्या आधारावरही हे स्टेटस मिळत नाही. आपण आपली मागील रिटर्न्स तपासून घ्यावीत.

एफ१_विद्यार्थी
मी तर १०४०-एनआर (नॉन-रेसिडेंटांचे रिटर्न) भरूनही स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) घेतले, त्यामुळे इतकी यातायात कशासाठी?

सनीवेलकर
ती सवलत भारत-अमेरिका करारानुसार केवळ भारतीय विद्यार्थी आणि शिकाऊ उमेदवारांसाठी आहे, आणि धागाकर्ता विद्यार्थी नाही. आता मुद्द्याचे आकडे देतो. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन जॉइंटला ३१,५०० आणि सेपरेटला १५,७५० डॉलर आहे. १,१०,००० पगारावर सेपरेटचा संघीय कर १५,६०० डॉलरच्या थोडा पुढे जातो, तर जॉइंटमध्ये तो नऊ हजारांच्या आसपास राहतो.

पत्नीच्या पगाराबाबत एक बारकावा आहे. भारताच्या नव्या करप्रणालीत एप्रिल २०२५ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट असल्याने तिकडे तिचा कर फारसा कापलाच गेला नसेल, आणि जो कर भरला नाही त्याचे फॉरेन टॅक्स क्रेडिट (परदेशात भरलेल्या कराची सूट) मागता येत नाही. त्याऐवजी फॉर्म २५५५ (परदेशातील कमाई वगळण्याचा) पाहावा. २०२५ मध्ये ती वर्षभर भारतातच असल्याने तिचा पगार त्यातून वगळता येईल. ठेवींचे व्याज मात्र कमावलेले उत्पन्न नसल्याने वगळता येत नाही.

क्लीव्हलँडची_सून
मी डब्ल्यू-७ अर्जासोबत (आयटीआयएन, म्हणजे एसएसएन नसलेल्यांचा करक्रमांक, मिळवण्याच्या अर्जासोबत) मूळ पासपोर्ट टपालाने पाठवला होता. एका कर-सल्लागाराने अर्जावर माझी सही घ्यायचे राहून गेल्याने सर्व काही परत आले, आणि त्या काळात चुलतबहिणीच्या लग्नाला भारतात जाणे मला जमले नाही. तुम्ही प्रमाणित ॲक्सेप्टन्स एजंट गाठा. तो पासपोर्ट समोर तपासतो आणि त्याच वेळी परत करतो. त्याची फी दोनशेत बसेल असे मात्र समजू नका.

डॅलसवासी
आमचे सीपीए हेच काम करतात.

अटलांटाकर
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितली नाही : ३१ डिसेंबरला लग्न झालेले असेल तर सिंगल भरता येत नाही.

जुना_रहिवासी
अगदी दुसऱ्याच उत्तरानंतर ती सांगून झाली आहे. माझे मत जॉइंटच आहे. आयटीआयएनचा अर्ज रिटर्नला जोडायचा असल्याने ते कागदावरच भरावे लागेल, परंतु सहा हजारांहून जास्त डॉलरांचा फरक आहे. १५ एप्रिलपर्यंत जमणार नसेल तर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घ्या. ती फक्त रिटर्न भरण्यासाठी असते, कर मात्र एप्रिलमध्येच भरावा लागतो.

एडिसनकर
सर्वांचे आभार. आकडे पाहून मोह झाला, तरीही मी या वर्षी सेपरेट भरणार आहे. सासऱ्यांच्या संयुक्त ठेवींत पत्नीचा वाटा किती धरायचा, याचे उत्तर आम्हा दोघांना आज देता येत नाही, आणि जे नीट समजलेले नाही त्यावर ती सही करणार नाही. ते मलाही पटते. शिवाय सेपरेटवरून जॉइंटवर तीन वर्षांच्या आत १०४०-एक्सने (सुधारित रिटर्नने) जाता येते, मुदत उलटल्यावर जॉइंटवरून सेपरेटवर मात्र येता येत नाही. पुढच्या वर्षी तिच्यासाठी आयटीआयएन काढावाच लागेल, तेव्हा सांगलीहून बँकेची प्रमाणपत्रे आणून २०२५ चे रिटर्नही सुधारून घेऊ.

डॅलसवासी
म्हणजे सहा हजार डॉलर वर्षभर सरकारदरबारी पडून राहणार. आपली मर्जी.

जुना_रहिवासी
मी असे केले नसते, पण यात नियमबाह्य काही नाही. सेपरेटमध्ये पत्नीच्या क्रमांकाच्या जागी रोमन लिपीत एनआरए (नॉन-रेसिडेंट एलियनचे लघुरूप) लिहा. काही सॉफ्टवेअर ते स्वीकारत नाहीत. तसे झाले तर छापून, सही करून, पोचपावतीसह टपालाने पाठवा. आणि पत्नीच्या पासपोर्टवरील आगमनाच्या शिक्क्याची छायाप्रत आत्ताच काढून ठेवा, कारण २०२६ मध्ये ती कोणत्या दिवसापासून रेसिडेंट झाली हे ठरवताना ती लागेल.