शिबिरात निम्म्या बायका, मग अन्याय कुठे?

रानवाट
आमच्या तालुक्याला दर हिवाळ्यात मोफत शस्त्रक्रिया शिबिर भरतं. यंदा नोंदणीच्या टेबलावर मी होते. समारोपाला आयोजक म्हणाले, "निम्म्या बायका होत्या, समानता आपोआप आली." टाळ्याही पडल्या. मला काही पटलं नाही.

निम्म्या भरल्या त्या मोतीबिंदूमुळे. जगात नजर अधू झालेल्यांत सुमारे ५५ टक्के बायकाच आहेत, त्यामुळे त्या रांगेत बायका जास्तच असणार. बाकी यादीत काय, तर हर्निया, हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणं), अंगावरच्या गाठी. हायड्रोसील पुरुषांचाच, हर्नियाही बहुतेक त्यांचाच. अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येण्याचं ऑपरेशन यादीतच नाही.

एक आजी नंबर आल्यावर कानाशी वाकून म्हणाल्या, "बाई, माझं खालचं दुखणं हाय." चिंध्यांचा बोळा लावून त्या खुरपायला जातात, किती वर्षं, ते त्यांनाही सांगता येईना. मी त्यांना डोळ्यांच्या रांगेत उभं केलं. दुसरी रांगच नव्हती.

टाके_घालणारा
मी सर्जन. अशी पंधरा-वीस शिबिरं केलीत. ताई, यादी आम्ही बाई-पुरुष बघून करत नाही, टेबल बघून करतो. अंगाच्या ऑपरेशनला तास-दीड तास जातो, रक्ताची सोय लागते, दोन-तीन दिवस खाट अडते. तेवढ्यात तीन हायड्रोसील होतात. तेही गरीबच असतात हो. आणि शिबिरातल्या पेशंटना ठेवतो त्या शाळेच्या वर्गात कोणाला रात्री रक्तस्राव सुरू झाला तर?

हिशेबी
डॉक्टरांशी सहमत. सगळीकडे स्त्री-पुरुष आणायचं कशाला? ज्याला जास्त त्रास, त्याचा नंबर आधी.

मावळतीची
ज्या बाईनं त्रास सांगितलाच नाही, तिचा नंबर कसा लावणार? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत पाहणी केली, ती १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

आणि टेबलाचं म्हणाल, तर नसबंदीला बायकांसाठी टेबलं बरी मिळाली! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली, नवऱ्याची झालेली फक्त ०.३ टक्के. सोपं ऑपरेशन पुरुषाचं, टेबलावर मात्र बाई.

टाके_घालणारा
नसबंदीचं काढलंत तर पुढचंही बोला. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच सर्जननं काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली आणि त्यातल्या कितीतरी जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. तुम्ही आता नव्या ऑपरेशनचं शिबिर मागताय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना काढलेल्या गर्भपिशव्या आठवा. यादीत 'पिशवी' लिहिली की अंगावरून पांढरं जातंय म्हणणारीलाही एजंट गाडीत घालून आणतील.

रानवाट
हे मात्र खरं, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मी मंडपात ऑपरेशन करा म्हणतच नाहीये. पडदा लावून एक बाई डॉक्टर बसवा. अंग आत धरून ठेवणाऱ्या रिंगेवर जिचं भागेल तिला ती बसवा, बाकीच्यांना जिल्हा रुग्णालयाची तारीख मिळवून द्या. अर्जात 'सोबत कोण' असा रकाना आहे. पुरुषांच्या अर्जावर तिथं बायकोचं नाव. बायकांपैकी कितीजणींचा तो कोराच होता, आणि कोरा असला की "माणूस घेऊन या" म्हणून परत पाठवतात. आधी ते थांबवा.

हिशेबी
सोबत कुणी नसताना भूल द्यायची? काही झालं तर लोक मंडप जाळतील.

रानवाट
मग मंडपाच्या खर्चातून अशा बायकांसोबत थांबायला दोन आयाबाईंची मजुरी काढा. यंदा फ्लेक्सच अकरा होते, मी मोजलेत.

टाके_घालणारा
रिंगेचं मान्य, माझ्या पुढच्या शिबिरात करून बघतो. पण रिंग बसवली की दर तीन-चार महिन्यांनी काढून, धुऊन, तपासावी लागते. मी तिसऱ्या दिवशी पुण्याला परत. ते कोण करणार?

मावळतीची
उपकेंद्रातल्या सिस्टरना शिकवून जा. आमच्याकडच्या सिस्टर विचारत होत्या, कोणी शिकवेल का म्हणून.