मदत हवी आहे : रेडिएशनच्या मास्कला घाबरणारी मुलं

नमस्कार. मी रेडिओथेरपी टेक्निशियन आहे. मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन घेणाऱ्या मुलांना डोकं हलू नये म्हणून जाळीचा मास्क घालून, तो टेबलाला अडकवून खोलीत एकटं ठेवावं लागतं. मास्क बनवताना गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर आली की पाच वर्षांचं पोर आईचा पदर सोडत नाही. भूल द्यायची तर आठवड्यातले 5 दिवस रोज उपाशी ठेवणं आलं, आणि आमच्याकडे भूलतज्ज्ञ रोज मिळत नाहीत.

सध्या लांब सुतळी वापरतो. एक टोक मुलाच्या मुठीत, दुसरं दाराबाहेर आईच्या हातात. खरंच फरक पडतो!

मास्कवर चित्रं काढायला त्वचेला चालणारे कोणते रंग वापरता? बाहुलीला मास्क घालून सराव कोणी घेतलाय का? सोमवारी नवा मुलगा येतोय, कृपया लवकर सांगा.