माशांची जुनी टाकी दुकानदाराला विकायला नेली: रास्त भाव की नुसती बोळवण?

रिकामी_टाकी
घर बदलतोय, छंद आवरता घेतोय. ४ फुटी टाकी, स्टँड, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबा), एलईडी लाइट, २ हीटर, सगळं गाडीत घालून जिथून घेतलं त्याच दुकानात नेलं. मालकाने टाकीच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर नख फिरवलं, काचेवरची पांढरी रेघ बघून 'हं' केलं आणि खरेदीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचा आकडा सांगितला. तोही रोख नाही, तेवढ्याचा माल न्या म्हणे. छंदच बंद करतोय तर माल काय डोक्यावर घेऊ? हीटरना तर हातसुद्धा लावला नाही. सगळं परत घेऊन आलो. ही लूट नाही तर काय?

काउंटरमागचा
काही वर्षं दुकानात उभा राहिलोय, म्हणून सांगतो. जुनी वस्तू नव्याच्या निम्म्या भावाच्या वर सहसा जात नाही; त्यापुढे गिऱ्हाईक म्हणतं, मग वॉरंटीवाली नवीच घेतो. त्या निम्म्यातून दुकानदाराची जागा, मेहनत आणि जोखीम वजा करा. टाकी ४ बाय दीड बाय दीड फुटांची असेल तर काठोकाठ भरायला २५० लिटर पाणी, म्हणजे पाव टन वजन. गळते का बघायला ती भरायची, काही दिवस ठेवायची, उपसायची. एवढं करूनही सिलिकॉन सुटलं आणि कुणाच्या दिवाणखान्यात पाणी झालं तर शिव्या दुकानाला. हीटरचं सील गेलं असेल तर पाण्यात करंट उतरतो. मीही घेतला नसता.
पांढरी रेघ क्षारांची असते. व्हिनेगरने बरीचशी जाते, तेवढी काढून तरी न्यायची होती.

उलटा_प्रवाह
जोखीम टाकीची आणि हीटरची, मान्य. फिल्टरचं काय? ओ-रिंग (झाकणाचं रबरी कडं) बदलली, इम्पेलर (पाणी ढकलणारी पाती) धुतला, झालं. माझ्याकडून दुकानाने असाच एक घेतला होता, पंधरवड्यात तोच फळीवर तिप्पट किमतीची चिठ्ठी लावून. नळीवर माझ्याच हातची निळी टेप होती हो!
रिकामी_टाकी, तुमची चूक एकच. गाडीभर सामान एकदम नेलं की घाई चेहऱ्यावर दिसते आणि सगळ्यात टाकाऊ वस्तू बाकीच्यांचा भाव पाडते. फिल्टर आणि लाइट सुटे विका, थेट मासे पाळणाऱ्याला. फिल्टर शेवटपर्यंत चालू ठेवा. स्पंजमधले, माशांची घाण पचवणारे जिवाणू जिवंत मिळाले, तर नवी टाकी तयार व्हायला लागणारे ४ ते ६ आठवडे बरेच कमी होतात. दुकानदार त्याचे काही देत नाही.

काउंटरमागचा
जिवाणूंबरोबर रोगही येतो, म्हणून देत नाही. शिवाय टाकीत तांब्याचं औषध पडलं असेल तर ते दगड-रेतीत मुरतं आणि पुढे कोळंब्या मरतात.

रिकामी_टाकी
मी असलं औषध कधीच वापरलं नाही.

काउंटरमागचा
तुम्हाला ठाऊक आहे. त्याला कसं कळणार?

गप्पीची_आई
सामानाचं निदान भांडता तरी येतं, माशांचं विचारू नका. गप्पी दर महिन्याला पिल्लं घालतात, दुकानाने फुकट घेतली तरी उपकार. माझा प्लेको मासा बोटाएवढा आणला होता, आता फूटभर झालाय. नेला तर मालक म्हणाला, 'ठेवू कुठे?' विकताना का नाही सांगितलंत हा एवढा वाढतो म्हणून? अशा वेळी परत घेणं त्यांच्यावर बंधनकारकच हवं. नाहीतर लोक रात्री जाऊन तलावात सोडतात आणि तिथले मासे भोगतात.

काउंटरमागचा
ताई, इथे मात्र बोलायला तोंड नाही. आम्हीही सांगायचो नाही.

उलटा_प्रवाह
स्क्रीनशॉट काढून ठेवला! बाकी अनुबियास, जावा फर्न असल्या वनस्पती मात्र दुकानं आनंदाने घेतात, गोगलगायी नसल्या तर. बदल्यात माशांचं खाणं मिळतं.

रिकामी_टाकी
ठरलं. फिल्टर, लाइट सुटे विकतो, हीटर भंगारात. टाकी व्हिनेगरने पुसली, रेघ अर्धीअधिक गेली. अंगणात भरून ठेवली आहे, खाली वर्तमानपत्र अंथरलंय. आज ३ दिवस झाले, कागद कोरडा. फोटो काढताना तो कागदही दिसेल असं बघतोय.