दुसऱ्या प्रोग्रामिंग कोर्सला ऑब्जेक्ट ओरिएंटेड आलंय, पण क्लास नेमका कशासाठी करायचा?

अर्धविराम

पहिल्या कोर्सला सी होतं आणि ते मला मनापासून आवडलं. लूप, फंक्शन, ॲरे, अगदी पॉइंटरसुद्धा. आता दुसऱ्या कोर्सला जावा आहे. एन्कॅप्स्युलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. कुत्रा हा प्राणी, मांजर हा प्राणी, दोघांची आवाज काढायची मेथड वेगळी, हेही कळतं. पण असाइनमेंट समोर आली की यातलं काहीच कामाला येत नाही.

असाइनमेंट अशी होती: विद्यार्थ्यांची नावं आणि गुण घ्या, सरासरी काढा, गुणांनुसार क्रम लावा, नापास झालेल्यांची यादी द्या. मी मेनमध्ये दोन ॲरे घेतले, एक नावांचा, एक गुणांचा. क्रम लावताना दोन्हींत अदलाबदल केली. आउटपुट बरोबर. शेरा आला: "हे जावात लिहिलेलं सी आहे."

मग स्टुडंट नावाचा क्लास केला. फील्ड प्रायव्हेट, गेटर-सेटर (फील्डची किंमत देणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड) एडिटरने तयार करून दिले. बाकी सगळं मेनमध्ये होतं तसंच. कोड जवळजवळ दुप्पट झाला आणि काम तेवढंच.

प्रश्न तीन आहेत. यात फायदा काय झाला? मेनमधून मेथड बोलावली की "नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक काँटेक्स्ट" येतं. सगळीकडे स्टॅटिक लावलं की एरर जाते, पण मग प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या विद्यार्थ्याचेच गुण दिसतात, असं का? आणि इनहेरिटन्स खऱ्या कोडमध्ये कुठे वापरतात?

रिकामी ओळ

स्टॅटिकचं सांगतो. स्टॅटिक फील्ड क्लासचं असतं, एकेका ऑब्जेक्टचं नसतं. ऑब्जेक्ट कितीही करा, त्याची प्रत एकच. तुम्ही मेथड स्टॅटिक केली, तिला गुण वापरायचे होते म्हणून कंपायलरने पुन्हा अडवलं, म्हणून गुणही स्टॅटिक केले. आता सगळे विद्यार्थी एकाच जागेत गुण लिहितायत आणि शेवटी लिहिलेलं टिकतंय.

ती एरर तुम्हाला विचारतेय की मेथड कोणावर चालवायची. मेनमध्ये न्यू लिहून ऑब्जेक्ट तयार करा, त्याच्या नावापुढे टिंब देऊन मेथड बोलवा. सुरुवातीला मेन सोडून कुठेही स्टॅटिक लावूच नका.

कंसबंद

मी याच विषयाची प्रॅक्टिकल घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्धविराम, तुझा पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. फायदा दिसला नाही, कारण त्या क्लासमध्ये तो नाहीच. प्रायव्हेट फील्ड, त्याला गेटर, त्याला सेटर, आणि सेटर आलेली किंमत न बघता आत टाकणार. कुलूप लावून किल्ली कुलपालाच अडकवून ठेवण्यासारखं आहे हे.

तुझ्या दोन ॲरेंकडे परत चल. हे नाव आणि हे गुण एकाच मुलाचे, ही गोष्ट प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेली नाही. ती फक्त तुला माहीत आहे आणि इंडेक्सवर टांगलेली आहे. उद्या हजेरी क्रमांकाचा तिसरा ॲरे आला आणि क्रम लावताना त्याची अदलाबदल राहून गेली, की एकाचे गुण दुसऱ्याच्या क्रमांकासमोर. कंपायलर गप्प, एरर नाही, आउटपुट दिसायला सुबक. तू म्हणशील, हे तर सीमधल्या स्ट्रक्चरनेही सुटलं असतं. सुटलं असतं. एवढ्यासाठी स्ट्रक्चर पुरे आहे.

क्लास लागतो तो पुढच्या पायरीला. एक मुलगा परीक्षेला गैरहजर आहे असं धर. इंटच्या ॲरेत काय लिहिशील? बहुतेक सगळे -१ लिहितात. आता सरासरी काढणाऱ्या लूपला माहीत हवं की -१ वगळायचा, नाहीतर सरासरी खाली येते. नापास यादीच्या लूपला माहीत हवं, कारण -१ हा पासिंगपेक्षा कमीच आहे आणि गैरहजर मुलगा नापासांत जाऊन बसतो. क्रम लावणाऱ्या, छापणाऱ्या, सगळ्यांनाच माहीत हवं. एक नियम आणि त्याची राखण करणारे चार जण. पाचवा लूप लिहिणारा तो नियम विसरणारच.

तेच क्लासमध्ये बघ. गुण आत, प्रायव्हेट. सेटर काढून टाक. त्याजागी दोन मेथड: गुण नोंदव आणि गैरहजर नोंदव. गुण नोंदवणारी मेथड शून्य ते शंभरच्या बाहेरची किंमत आली की तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकते. बाहेरच्यांनी विचारायचं ते इतकंच: हजर होता का? पास आहे का? आत तू -१ ठेवलास की वेगळं बूलियन ठेवलंस, बाहेर कोणाला कळायचं कारणच नाही. उद्या बदललंस तरी मेनमधली एक ओळ हलणार नाही. व्याख्येतलं एन्कॅप्स्युलेशन म्हणतात ते हेच, आणि ते गेटर-सेटरने येत नाही, नियम एका जागी आणल्याने येतं.

म्हणून क्लास लिहायच्या आधी मी मुलांकडून कागदावर एकच वाक्य लिहून घेते: या ऑब्जेक्टबद्दल कायम खरं काय असलं पाहिजे? "गुण शून्य ते शंभरमध्ये, किंवा मूल गैरहजर." वाक्य सुचलं की मेथड आपोआप सुचतात. वाक्यच सुचत नसेल तर तिथे बहुधा क्लासची गरज नसते.

मुळात ही कल्पना गरजेतूनच आली. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड सिम्युलेशनचं काम करत होते. एकाच प्रोग्राममध्ये अनेक गोष्टी, प्रत्येकीची स्थिती वेगळी, प्रत्येकीचं वागणं तिच्याजवळ, असं त्यांना मांडायचं होतं. त्यातून सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले, सबक्लासही आले. पुढे १९७९ मध्ये बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युलातले क्लास सीमध्ये आणायला घेतले आणि त्याचंच सी प्लस प्लस झालं. तू सीकडून क्लासकडे येतो आहेस, ती वाट जुनीच आहे.

आता इनहेरिटन्स. प्राण्यांच्या उदाहरणाचा मला राग येतो, कारण त्यात अडचणच नाही, मग उत्तर कशाचं दाखवणार? तुझ्याच असाइनमेंटमध्ये भर घाल: लेखी विषयाला गुण असतात, प्रोजेक्टला फक्त मान्य किंवा अमान्य. तू पास आहे का हे बघायला इफ लावशील: लेखी असेल तर हे, प्रोजेक्ट असेल तर ते. निकाल छापताना पुन्हा तोच इफ. नापास यादीत पुन्हा. एकच इफ तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की थांब. "पास आहे का" एवढीच मेथड असलेला इंटरफेस (म्हणजे कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार) कर, दोन क्लास तो आपापल्या पद्धतीने पुरा करतील आणि तिन्ही इफ जातील. पॉलिमॉर्फिझम मला इथे पटतं, मुलांनाही इथेच पटताना पाहिलंय.

एक्स्टेंड्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा पोटक्लास करणं, मात्र जपून. नुसता कोड वाचतो म्हणून लावू नकोस. जावाच्या लायब्ररीतच बघ: स्टॅक हा क्लास व्हेक्टरला (यादी ठेवणाऱ्या क्लासला) एक्स्टेंड करतो, त्यामुळे व्हेक्टरच्या सगळ्या मेथड त्याच्याकडे आल्या आणि स्टॅकच्या मधोमध वस्तू घालता येते. वरून ठेवायचं, वरूनच काढायचं हा स्टॅकचा नियमच मोडला. आता जावाचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनही त्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा म्हणतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात मांडलेली कसोटी लावून बघ: पालक क्लासच्या जागी पोटक्लास ठेवला तर पालकावर विसंबून लिहिलेला प्रोग्राम तसाच बरोबर चालला पाहिजे.

पाचवा बाक

कंसबंद यांच्याशी बहुतांशी सहमत, पण एका मुद्द्यावर नाही. पन्नास ओळींच्या, एकदाच चालवायच्या प्रोग्रामला दोन ॲरे हे योग्य उत्तर आहे. क्लास न करणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, आणि विद्यार्थ्याला तसं म्हणायची मोकळीक हवी. असाइनमेंट लहान असतात म्हणूनच क्लासचा फायदा दिसत नाही. दोन महिन्यांनी त्याच प्रोग्राममध्ये बदल करायला सांगितला तर दिसेल.

सीहून येणाऱ्यांसाठी एक. सीमध्ये साठ स्ट्रक्चरचा ॲरे घेतला की साठ स्ट्रक्चर खरोखर मेमरीत असतात. जावात न्यू लिहून साठ विद्यार्थ्यांचा ॲरे केला तर एकही विद्यार्थी तयार होत नाही. साठ रेफरन्स मिळतात, सगळे नल, म्हणजे कुठल्याच ऑब्जेक्टकडे न दाखवणारे. लगेच पहिल्यावर मेथड बोलावली की नल पॉइंटर एक्सेप्शन. प्रत्येक जागेसाठी वेगळं न्यू लागतं. रेफरन्सला पॉइंटरच समजा, फक्त त्यावर बेरीज-वजाबाकी चालत नाही. कागदावर चौकोन आणि बाण काढा. एका व्हेरिएबलमध्ये दुसरं टाकलं की चौकोन एकच राहतो, बाण दोन होतात.

अर्धविराम

काल रात्री बसून सगळं पुन्हा लिहिलं. सेटर काढले, वाक्य लिहिलं, स्टॅटिक फक्त मेनला. वर्गाचं वाक्य सुचलं: "एका हजेरी क्रमांकाचा एकच विद्यार्थी." म्हणून वर्ग नावाचा क्लास केला, त्यात विद्यार्थ्यांची ॲरेलिस्ट प्रायव्हेट. नवा विद्यार्थी घेणारी मेथड क्रमांक तपासते. यादी छापायला मेनला लागते म्हणून एक गेटर ठेवला, तो लिस्ट परत देतो. बरोबर आहे ना?

कंसबंद

वाक्य छान आहे! गेटरपाशी मात्र अडकलंय. लिस्ट प्रायव्हेट आहे, पण गेटर तिचाच रेफरन्स बाहेर देतोय. पाचवा बाक यांचे चौकोन-बाण काढून बघ: मेनमधला बाण थेट तुझ्या आतल्या लिस्टवर. आता मेनने त्यावर ॲड केलं की तुझी तपासणी बाजूलाच राहिली आणि एकाच क्रमांकाचे दोन विद्यार्थी आत. प्रायव्हेट व्हेरिएबलचं नाव झाकतं, लिस्ट झाकत नाही.

दोन उपाय. कलेक्शन्स क्लासमधली अनमॉडिफायेबल लिस्ट देणारी मेथड वापर. मग बाहेरून ॲड केलं की एक्सेप्शन येईल. किंवा छापण्याचं काम वर्गालाच दे आणि गेटर काढून टाक. इथे मी दुसरा घेईन, कारण मेनला यादी फक्त छापण्यापुरतीच हवी आहे. आधी मेनमधून मुद्दाम तोच क्रमांक दोनदा घालून बघ, म्हणजे काय मोडतंय ते दिसेल, आणि मग बदल.