मुक्तिदिनाची सुट्टी रद्द करून 19 डिसेंबरला शाळा भरवा

पेडणेकर_मास्तर
मी पेडणे तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. परवा चौथीच्या वर्गात विचारलं, 19 तारखेची सुट्टी कशाची? तिघांनी नाताळ सांगितला. एक मुलगी म्हणाली, मुक्तिदिन. मग विचारलं, गोवा मुक्त व्हावा म्हणून जीव दिलेल्या एका माणसाचं नाव सांगा. वर्ग गप्प.

आमची शाळा पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापासून सायकलच्या अंतरावर आहे, म्हणून जास्त लागलं. 15 ऑगस्ट 1955 ला देशभरातले सत्याग्रही हद्द ओलांडून गोव्यात शिरले, हातात तिरंग्याशिवाय काही नव्हतं. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला पडलेला कर्नैल सिंग बेनिपाल लुधियानाकडच्या इसरू गावचा. त्याचं गोव्यात कोण होतं? ना शेत, ना सोयरा. माझी आजी जवळच्याच तोरशाची. ती सांगायची, भातात बेणणी चालली होती, आवाज ऐकून बायका बांधावरच खाली बसल्या, आणि संध्याकाळी रस्त्यावर चपला पडलेल्या होत्या, कोणी उचलेना.

सुट्टी दिली की माणसं समुद्रावर जातात, मुलं मोबाइलवर. माझं म्हणणं, सुट्टी रद्द करा. शाळा भरवा, मुलांना स्मारकावर न्या, नावं वाचून घ्या. पटतं का सांगा.

कळंगुटचा_आचारी
मास्तर, राग मानू नका, पण सुट्टी मुळात आहे कोणाला? डिसेंबरात आमच्या किचनमध्ये रजा मागायची सोय नाही. 19 तारखेला मी सकाळी सहाला ड्युटीवर जातो आणि रात्री अकराला बस शोधतो. सुट्टी रद्द झाली तर माझं काही जात नाही. पण माझ्या बायकोला पंचायतीत त्या दिवशी रजा असते, मुलगी घरी असते, त्या दोघी सकाळी झेंड्याला जातात आणि मग मामाकडे. वर्षातून एकदा मिळणारा तो दिवस तुम्ही काढून घेणार आणि त्याला स्मरण म्हणणार?

आणि हा दिवस सुटकेचा आहे. 451 वर्षांनी पोर्तुगीजांच्या हातून सुटलो. माणसं समुद्रावर हसतात-खेळतात यात हुतात्म्यांचा अपमान कसा होतो ते मला कळत नाही. त्यांनी जीव दिला तो आम्ही सुतक पाळावं म्हणून नव्हे.

माजी_फौजी_वाळपई
आचारीबाब, तुमचं अर्धं पटलं. पण 'सुटलो' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. गावात अजून ऐकतो, छत्तीस तासांत गोवा मिळाला, लढाई कुठे झाली? ज्यांची माणसं गेली त्यांना जाऊन हे सांगावं कोणीतरी.

7 कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू आग्वाद किल्ल्यावर गेले ते तिथल्या राजबंद्यांना सोडवायला. तिथेच ते आणि कॅप्टन विनोद सेहगल कामी आले. 18 डिसेंबर 1961 ला अंजदीव बेटावर नौदलाची तुकडी उतरली, सात नौसैनिक परत आले नाहीत. त्यांचं स्मारक आयएनएस गोमंतकच्या तळावर आहे. भारताचे 22 जवान गेले असा सरकारी आकडा. आज आग्वादच्या तुरुंगाचं संग्रहालय झालं आहे, लोक तिकीट काढून बघतात. तिथे गेलात तर दारात एक मिनिट थांबून सिद्धूसाहेबांचं नाव घ्या, एवढंच माझं मागणं.

पण मास्तर, शाळा भरवून हे होणार नाही. मुलं उन्हात दोन तास उभी, पाहुणे उशिरा, भाषण लांब. पोर घामाने भिजलं की त्याच्या डोक्यात हुतात्मा नाही, पाण्याची बाटली असते.

आमच्या पलटणीत लढाईच्या दिवशी पहाटे स्मारकावर पुष्पचक्र, नावं मोठ्याने वाचायची, दोन मिनिटं मौन. अख्खी पलटण पुतळ्यासारखी उभी. आणि त्याच दुपारी बडा खाना. अधिकारी स्वतः जवानांना वाढतात, ढोलक, भांगडा, सगळं. वीस वर्षं मी दोन्हीत होतो. सकाळी ज्या मित्राचं नाव ऐकून घसा दाटला, दुपारी त्याच्याच गोष्टी सांगून हसलो. कोणाला त्यात विसंगत वाटलं नाही. क्रम मात्र कधी उलटा झाला नाही.

म्हापसेकर_न्यूजर्सी
इथला अनुभव सांगतो. अमेरिकेत यादवी युद्धानंतर, 1868 पासून, 30 मे हा दिवस कबरींवर फुलं वाहायचा म्हणून पाळायला लागले. 1971 पासून तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ढकलला, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून तीन दिवस मिळावेत. आता त्या सोमवारी गाद्यांवर सवलत, गाड्यांवर सवलत, अंगणात शेगड्या पेटलेल्या. बरेच लोक त्या दिवशी जिवंत माजी सैनिकालाही 'थँक यू' म्हणतात. त्याच्यासाठी 11 नोव्हेंबर आहे, मे महिन्यातला दिवस फक्त मेलेल्यांचा. माझ्या शेजारचे आजोबा व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यांना असं कोणी म्हटलं की ते मान हलवतात आणि आत निघून जातात.

2000 साली कायदा करून दुपारी तीनला एक मिनिट थांबायचं ठरवलं. माझ्या ऑफिसात कोणालाच ते माहीत नव्हतं. म्हणून मास्तर, वरून आदेश काढून काही साधेल अशी आशा धरू नका. पण तारीख मात्र कोणाला हलवू देऊ नका. तारीख हलली की दिवस गेलाच समजा.

अस्नोड्याची_नात
फौजीकाका, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक बोलते. 'शहीद' म्हटलं की गणवेशच डोळ्यांसमोर आणायची सवय आपल्याला लागली आहे. आमच्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलीस कोठडीत मारले गेले, फेब्रुवारी 1955 मध्ये. गोवा मुक्तीचे पहिले हुतात्मा त्यांनाच मानतात. त्यांच्यामागे ना पलटण ना रणगाडा. पनवेलचे हिरवे गुरुजी असेच निःशस्त्र आले आणि परत गेले नाहीत. लष्कर आलं ते 1961 ला. त्याआधीची माणसं एकटी होती.

माझे आजोबा आग्वादला कैदेत होते. सुटल्यावर दरवर्षी कोणी ना कोणी त्यांना 19 डिसेंबरला शाल-श्रीफळ द्यायला बोलवायचं. ते जायचे नाहीत. म्हणायचे, मला दुसऱ्या कुठल्याही दिवशी बोलवा, आजचा दिवस बाहेर न आलेल्यांचा. म्हापसेकरांच्या शेजाऱ्यांचं वाचलं आणि आजोबा आठवले. त्या दिवशी ते घरीच एक पणती लावायचे, तुळशीपाशी नव्हे, उंबऱ्याबाहेर. का, ते कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

एका कार्यक्रमात मी स्वतः पाहिलं, पुढच्या सगळ्या खुर्च्या मान्यवरांच्या आणि हुतात्म्याची वृद्ध सून मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर. त्यामुळे सुट्टी ठेवा की काढा, मला त्यात रस नाही. खुर्च्या आधी बदला.

फोंड्याचा_टीवायबीए
एक प्रश्न, शिव्या खायची तयारी ठेवून. त्या दोन दिवसांत पोर्तुगीज बाजूचीही 30 च्या आसपास माणसं मेली. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. गव्हर्नर वासालो ई सिल्वाने तो मानला नाही, 19 ला संध्याकाळी शरणागती दिली आणि त्यापायी पुढे सैन्यातून काढला गेला. तो हट्टाला पेटला असता तर पणजी-वास्कोत किती गोंयकार मेले असते? बोटीवर आणि चौक्यांवर मेलेली ती पोरंही कोणाची तरी होतीच. स्मरणात त्यांना जागा आहे की नाही?

अस्नोड्याची_नात
नाही. निदान मुक्तिदिनाला नाही. ज्यांच्या कोठडीत मापारी मेले त्यांच्यासाठी मी त्याच दिवशी फूल वाहणार नाही. त्यांच्या आईने रडावं, तिचा तो हक्क आहे. माझ्याकडून ते मागू नका.

माजी_फौजी_वाळपई
पोरा, प्रश्न चुकीचा नाही. मेलेल्या शत्रूला आम्हीही इतमामाने निरोप देतो, ते शिकवलंच जातं. पण ताईचंही खरं आहे. इतमाम वेगळा आणि आठवण वेगळी. आठवण आपल्या माणसाची असते. आणि ताई, निःशस्त्र माणसाचं धाडस माझ्यापेक्षा मोठं, हे मी मान खाली घालून कबूल करतो. माझ्या हातात रायफल होती.

कळंगुटचा_आचारी
नात ताईंचं वाचलं, सारखं ते स्टूल डोळ्यांसमोर येतंय. पण सुट्टीबद्दलचं मत माझं तेच आहे.

पेडणेकर_मास्तर
सगळ्यांचं नीट वाचलं. सुट्टी रद्द करा हे मी मागे घेतो, आचारीबाबांच्या घरच्या दोघींमुळे. पण सुट्टीच्या नावाखाली काहीच न करणं मला अजूनही मान्य नाही, त्यावर भांडायला तयार आहे.

यंदा असं ठरवलंय. ज्याला यायचं त्याने यावं, सक्ती नाही, हजेरी नाही. सकाळी सातला पत्रादेवीला, ऊन चढायच्या आत. भाषण नाही, माझंही नाही. आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेक नाव आणि गाव देईन, त्याने ते पाठ करून तिथे मोठ्याने म्हणायचं. सत्याग्रही आणि जवान दोन्ही. इसरू कुठे आहे ते नकाशात स्वतः शोधायचं. सोबत बादली आणि नारळाची शेंडी, फरशीवर शेवाळ असलं तर घासायला. मग घरून आणलेले पोहे सगळ्यांनी मिळून तिथेच झाडाखाली. फौजीकाकांचा क्रम तोच ठेवतो. दोन खुर्च्या नेतो, त्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या दोघांसाठी.

फोंड्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चौथीच्या मुलांना अजून ते सांगणार नाही.

माजी_फौजी_वाळपई
येतो. अंजदीवच्या सात जणांची नावं मी लिहून आणीन, ती मुलांना द्या. वाळपईहून म्हापशाला पहिली गाडी मिळते, पुढे पत्रादेवीला सातच्या आत पोचवणारी बस आहे का?

पेडणेकर_मास्तर
बस नाही मिळणार. आदल्या रात्री आमच्याकडे या काका, खाट आहे.