मदत हवी आहे : इनडोअर ऑटोजायरोच्या स्पर्धेचे नियम कसे ठरवू?

नमस्कार मंडळी,

चिपळूणला आमचा मुलांचा विज्ञान कट्टा आहे, आठवी ते दहावीची पोरं. पावसात बाहेर काही उडवायची सोयच नाही, म्हणून बॅडमिंटनच्या हॉलमध्ये रबरावर चालणारी मॉडेलं उडवतो. यंदा गणपतीच्या सुट्टीत, चाकरमानी गावात असतात तेव्हा, ऑटोजायरोची स्पर्धा घ्यायचीय आणि नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तिथेच अडलोय.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. ऑटोजायरो दिसतो हेलिकॉप्टरसारखा, पण वरच्या रोटरला कसलीच पॉवर नसते. पुढचा पंखा मॉडेलला ओढतो, रोटर किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे खालून वर जाणाऱ्या हवेवर तो आपोआप फिरत राहतो आणि वजनही तोच उचलतो.

आता अडचण. वेळ मोजून नंबर काढायचे म्हटलं की कोणीतरी भली मोठी शेपटी किंवा पंख लावणार, वर नावाला रोटर ठेवणार, आणि ते साधं विमानच सगळ्यात जास्त वेळ उडणार. आमच्या नववीतल्या एका मुलीने थर्माकोलच्या ताटलीतून ब्लेड कापलीत, बुंध्याशी नुसती सेलोटेपची पट्टी बिजागरीसारखी लावलीय, मास्टला (रोटर ज्यावर बसतो ती उभी दांडी) माडाचा हीर, आणि रोटर छान फिरतो. तिची मेहनत वाया जाऊ नये एवढंच मला बघायचंय.

दोन मार्ग सुचतायत. एक, फिक्स पंख अजिबात नको आणि शेपटीचं क्षेत्रफळ सगळ्या ब्लेडच्या मिळून क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. यात ब्लेडचं क्षेत्रफळ धरायचं की रोटर फिरतो त्या पूर्ण चकतीचं? चकती धरली तर बारीक काडीसारखी ब्लेड लावून भलीमोठी शेपटी बसवता येईल, म्हणून मी ब्लेडच्या बाजूने आहे. दुसरा मार्ग म्हणजे चाचणी. आधी वाटलं रोटरला टेप लावून थांबवावा आणि मॉडेल सोडून बघावं, पण दोन ब्लेडचा रोटर आडवा थांबला की तोच पंखाचं काम करतो, मग काय कळणार? त्यापेक्षा रोटर काढून तेवढ्याच वजनाचा क्लेचा गोळा लावायचा आणि खांद्याच्या उंचीवरून सोडायचं, तरंगत गेलं तर बाद. पण 'तरंगत गेलं' हे कोणी आणि कसं ठरवायचं? वाद होणार नाहीत असा काही निकष कोणाकडे आहे का?

दुसरा प्रश्न एक रोटर की दोन. पुढे जाणाऱ्या ब्लेडला हवा जास्त लागते, मागे येणाऱ्याला कमी, म्हणून मॉडेल एका बाजूला कलतं. ऑटोजायरो शोधणाऱ्या सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याची सुरुवातीची यंत्रंही अशीच कलंडायची, ब्लेड वरखाली हलावीत म्हणून त्यांना बिजागरी दिल्यावर १९२३ साली त्याचं सी.४ हे यंत्र नीट उडालं. मुलांना मी सांगतो की पंखा मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर रोटरही वरून बघताना घड्याळाच्याच दिशेने ठेवा, म्हणजे पंखा मॉडेलला डावीकडे पाडतो आणि रोटर उजवीकडे, दोन्ही एकमेकांना सावरतात. पण रबर सुटत गेलं की पंख्याचा जोर ओसरतो आणि रोटरचा कल तसाच राहतो, मग शेवटी मॉडेल उजवीकडे झुकतं. शेजारी शेजारी उलट फिरणारे दोन रोटर लावले की हा त्रासच नाही. म्हणून दोन गट करावेत, की एक रोटरवाल्यांना वेळेत सवलत द्यावी? मला गट बरे वाटतात, पण पोरं थोडी आहेत.

बाकी वजनाचं. एफ१एम या रबरावर चालणाऱ्या मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय इनडोअर वर्गात मॉडेल किमान ३ ग्रॅम आणि रबर जास्तीत जास्त १.५ ग्रॅम असतं. बाल्सा इथे मिळत नाही, थर्माकोल आणि बांबूवर काम, म्हणून मी ६ ग्रॅम आणि २ ग्रॅम धरतोय, रबर सगळ्यांना एकाच रिळातलं आम्हीच देणार. इथल्या दमट हवेत कागद आणि लाकूड ओलावा धरतं, तेव्हा वजन घरून करून आणलेलं चालणार नाही, उडवायच्या आधी तिथेच सोनाराच्या काट्यावर करायचं. रोटरला सोडताना बोटाने फिरकी द्यायला परवानगी द्यावी असं माझं मत आहे, नाहीतर निम्मी मॉडेलं सुरुवातीलाच खाली येतील. मॉडेल छताच्या लोखंडी अँगलला अडकलं तर वेळ तिथेच थांबवायची की फ्लाइट परत द्यायची, हेही सांगा.

इनडोअर स्पर्धा कोणी घेतल्या असतील त्यांनी कृपया लिहा. आषाढ संपायच्या आत नियमांचा कागद शाळांमध्ये पोचवायचाय, पोरांना ब्लेड कापायला वेळ मिळायला हवा.