द्राक्षगर्भानंतर दर आठवड्याला रक्ततपासणी खरोखरच आवश्यक असते का?

प्रश्न
माझी धाकटी बहीण काटोलला राहते. तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव आणि न थांबणाऱ्या उलट्या सुरू झाल्याने तिला नागपुरात धंतोलीला आणले. सोनोग्राफीत गर्भ नव्हताच, पिशवीभर बारीक फोड दिसत होते आणि बीटा एचसीजी (वारेच्या पेशींतून रक्तात येणारे संप्रेरक) दोन लाखांच्या वर होते. सक्शनने पिशवी रिकामी केली. बायोप्सीत ‘कम्प्लीट मोल’, म्हणजे पूर्ण द्राक्षगर्भ, असे निदान आले. आता दर आठवड्याला रक्त तपासा आणि तोवर दिवस राहू देऊ नका, असे डॉक्टर सांगतात. सासरची मंडळी मात्र म्हणतात, की पिशवी साफ झाली, मग रक्त कशाला? तिने पपई खाल्ल्यामुळे हे घडले, असेही तिला ऐकवले जाते. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ)
पपईचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे सासरी ठामपणे सांगा. अशा गर्भात बहुतेक वेळा स्त्रीबीजाची गुणसूत्रे नसतात आणि एकाच शुक्राणूची गुणसूत्रे दुप्पट होऊन ४६ होतात. यात ना तिचा दोष आहे, ना तिच्या नवऱ्याचा.

पिशवी साफ झाली तरी वारेच्या पेशी मागे राहून वाढू शकतात. कम्प्लीट मोलमध्ये शंभरातल्या सुमारे १५ ते २० स्त्रियांना पुढे औषधोपचार लागतो, आणि ही वाढ सर्वांत आधी रक्तातच कळते. म्हणून सलग तीन आठवडे अहवाल सामान्य येईपर्यंत दर आठवड्याला आणि त्यानंतर काही महिने दरमहा तपासणी करतात. मध्येच दिवस राहिले तर एचसीजी गर्भामुळे वाढले की आजारामुळे, हे ओळखणे अवघड होते. गर्भनिरोधक गोळ्या चालतात, पण पातळी सामान्य होईपर्यंत कॉपर-टी बसवू नये. आकडा अडकला किंवा वाढला, तर बहुधा मेथोट्रेक्सेट हे पेशींची वाढ रोखणारे औषध देतात. वेळेत कळल्यास जवळजवळ सर्वच रुग्ण बऱ्या होतात आणि सहसा पिशवीही काढावी लागत नाही. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन दिले होते का, हे आजच विचारून घ्या.

उत्तर २
मी यातून गेले आहे. प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा, कारण पद्धत बदलली की आकड्यांची तुलना नीट होत नाही. त्याच प्रयोगशाळेचे संकलन केंद्र काटोलला असेल, तर नमुना तिथेच देता येईल आणि दर आठवड्याची खेप वाचेल. माझे आकडे सुरुवातीला झपाट्याने उतरले आणि शेवटी शेवटी रेंगाळले. त्या दिवसांत माझ्या जाऊबाई प्रत्येक अहवाल वहीत तारखेनिशी उतरवून ठेवत, त्याचा मला फार आधार वाटला. ‘बाळ नव्हतेच, मग रडायचे कशाला’ असे तिला कोणीही म्हणू नये.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. पुढच्या वेळी पुन्हा असेच होईल का?

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ)
शक्यता शंभरात सुमारे एक एवढीच असते. तरीही पुढच्या वेळी दिवस राहताच लवकर सोनोग्राफी करावी आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा बीटा एचसीजी तपासावे. सध्याची फाईल त्यासाठी जपून ठेवा.